घातांकातला 'घात' कुठला?

ठाण्याच्या पाचपाखाडीतून एका पालकांनी विचारलंय: मुलगी अकरावीत आहे, तिला घातांकी फलांच्या (एक्स्पोनेन्शियल फंक्शन्सच्या) सीमा मराठीतून समजावताना 'घात' या शब्दापाशी अडखळायला होतं. घात म्हणजे दगा. तो गणितात कसा शिरला? आणि लिमिटला सीमा म्हणावं की मर्यादा?

दगा, विश्वासघात हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. धातू 'हन्', म्हणजे मारणे, ठोकणे. संस्कृत गणितात घात म्हणजे चक्क गुणाकार. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत वर्ग म्हणजे 'समद्विघात' आणि घन म्हणजे 'समत्रिघात': सारख्या दोन किंवा तीन संख्यांचा गुणाकार. ब्रह्मगुप्त तर तिरकस गुणाकाराला 'वज्रवध' म्हणतो! पुढे आपण घात हा शब्द एकाच संख्येच्या पुनःपुन्हा गुणाकारासाठी राखून ठेवला.

पण ठोकण्याचा आणि गुणण्याचा संबंध काय? भारतीय गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या दत्त आणि सिंह यांनी १९३५ साली खुलासा दिला की धूळपाटीवर गुणाकार करताना गुण्याचे, म्हणजे ज्या संख्येला गुणायचं तिचे, अंक एकेक करून पुसत आणि तिथे गुणाकाराचे अंक मांडत. अंक 'मारले' जात म्हणून हनन, वध, घात. हा खुलासा डोळे मिटून उतरवला जातो. मला तो मुळीच पटत नाही. पाटीवर भागाकार करतानाही अंक पुसले जातच होते, मग भागाकाराला कुणी वध का म्हटलं नाही? हन् म्हणजे नुसता जीव घेणं नव्हे. पखवाजावर थाप पडते तो आघात. ठसा ठोकून पाडलेली नाणी ती आहत नाणी. कशावर काही न आपटता उमटतो तो अनाहत नाद. सगळीकडे क्रिया एकच, ठोका देण्याची. गुणाकाराला संस्कृतात 'अभ्यास' असाही शब्द आहे, आणि अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा करणं. माझं ठाम मत आहे की घात याच घरातला: ठोक्यावर ठोका. दोनचा पाचवा घात म्हणजे दोनाचे पाच ठोके.

हे ध्यानात असतं तर 'एक्स्पोनेन्शियली', म्हणजे घातांकी पद्धतीने, या शब्दाची चाललेली उधळपट्टी थांबली असती. 'ठाण्याची लोकसंख्या एक्स्पोनेन्शियली वाढली' हे लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकून कान किटले. जनगणना बघा. महापालिका हद्दीत १९९१ ला ८.०३ लाख, २००१ ला १२.६२ लाख, २०११ ला १८.४१ लाख. पहिल्या दशकात १.५७ पट, दुसऱ्यात १.४६ पट. घातांकी वाढीत सारख्या काळात पट सारखीच राहावी लागते. इथे ती घटली. वाढ भरमसाट आहे, बेसुमार आहे, घातांकी नाही.

आता मुलीकडे वळू. तिला कॅल्क्युलेटर द्या. दोनचा ०.१ वा घात काढायचा, त्यातून १ वजा करायचा, उरेल त्याला ०.१ ने भागायचं: ०.७१८. मग ०.१ च्या जागी ०.०१ घेतला की ०.६९६, ०.००१ घेतला की ०.६९३४. आकडे ०.६९३१च्या दिशेने सरकतात. ती सीमा, म्हणजेच दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम. दोनऐवजी तीन घेतले तर सीमा १.०९८६. म्हणजे दोन आणि तीनच्या मध्ये अशी एक संख्या हवी, जिच्यासाठी ही सीमा नेमकी १ येते. तीच ई, २.७१८२८... पाठ्यपुस्तकातलं सूत्र घोकण्याआधी हे तिच्या हातून होऊ द्या.

राहिली मर्यादा. तो शब्द इथे नको. वरच्याच उदाहरणात उणे ०.१ घेऊन पाहा: ०.६७० येतात. अधिक ०.१ ला किंमत सीमेच्या पलीकडे होती, उणे ०.१ ला अलीकडे. मराठीत मर्यादेपलीकडे पाऊल पडलं की तो मर्यादाभंग. इथे कसलाही भंग होत नाही, किंमती दोन्ही बाजूंनी जवळ येत राहतात. सीमाच म्हणा.