नेटवरचं लिखाण टिकवायचं असेल तर

सुरुवातीच्या उत्साहात रोज लिहू नका. महिन्याला दोन लेख पुरेत, पण पहिला टाकण्याआधी चार तयार ठेवा. लग्नसराई किंवा आजारपण आलं की तेच कामी येतात.

ट्रेंडच्या मागे धावून लिहिलेलं आठवड्यात शिळं होतं. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेचे रील सगळेच टाकतात; ६८ लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन या विधींचा क्रम आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग नीट लिहिलात, तर दर संक्रांतीला लोक ते शोधत येतील.

टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत करा, यात तडजोड नको. कृतिदेव या जुन्या फाँटातला जुना मजकूर तसाच चिकटवला की रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण तिथं मराठी अक्षरामागे रोमन अक्षराचाच संकेत असतो. सर्चमध्येही तो सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकेक करून तपासा. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणून ‘सोलापूर’ सुखरूप राहतं, ‘वर्षी’ आणि ‘किल्ला’ बिघडतात.

फोटो १२०० पिक्सेल रुंद आणि साधारण २०० केबीच्या आत ठेवा. मोबाइलवर पान लगेच उघडतं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बॅकअप. गूगल प्लससारखी सोशल नेटवर्क सेवासुद्धा २०१९मध्ये बंद झाली. दर महिन्याला मजकूर एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवरही ठेवा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर आणि रोज उघडता त्या ईमेलवर घ्या, नूतनीकरणाची सूचना तिथंच येते.