राजघराण्यांच्या कौटुंबिक चित्रांनी लोकांचं मत खरंच बदलायचं का, की ती नुसती हौस होती?

हौस महालातल्या चित्रांपुरती. लोकांसमोर मांडायचं चित्र काढून घेतलं जाई तेव्हा बहुतेकदा काहीतरी सारवासारव करायची असे. म्हणून असं चित्र पाहताना मी आधी शोधतो, की त्या सुमारास या घराण्याबद्दल लोक काय वाईटसाईट बोलत होते.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत घ्या. १७८३ साली पॅरिसच्या सरकारमान्य चित्रप्रदर्शनात एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिने काढलेलं तिचं चित्र लागलं. अंगात पांढरा मलमलचा झगा, डोक्यावर गवती टोपी. राणीने साधं दिसावं हा बेत, पण राणी आतल्या कपड्यांत बसली अशी बोंब उठली. चित्र उतरवून तिथे रेशमी पोशाखातलं दुसरं लावावं लागलं. पुढे १७८५ मध्ये हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण झालं. त्यात तिचा हात नव्हता, तरी उधळी म्हणून नाव आणखी खराब झालं.

मग १७८७ साली त्याच चित्रकर्तीने तिला मुलांसह रंगवलं. लाल मखमली पोशाख, गळा मोकळा, दागिन्यांचं कपाट मागे अंधारात. मोठा मुलगा रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवतोय, कारण धाकटी सोफी त्याच वर्षी वारली होती. 'माझी मुलं हेच माझे दागिने' एवढं चित्रात सरळ वाचता येतं. मला हे चित्र कारागिरी म्हणून फार आवडतं, प्रचार म्हणून मात्र ते साफ पडलं. लोकांच्या रागाच्या भीतीने प्रदर्शन उघडलं तेव्हा चौकट रिकामीच ठेवली होती. दोन वर्षांत क्रांती झाली.

म्हणजे नासलेलं मत चित्राने सुधारत नाही. मत अजून बनत असेल, तर मात्र चित्र भरपूर काम करतं. व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा तिच्या काकांची कर्जं आणि लफडी लोकांच्या लक्षात होती. शिवाय राज्य तिचं, तर घरात कर्ता कोण, हा पेच होताच. विंटरहाल्टर या चित्रकाराच्या १८४६ च्या चित्रात मुकुट तिच्या डोक्यावर आहे, पण पुढे सरसावून बसलाय तिचा नवरा आल्बर्ट. भोवती पाच मुलं. दोन्ही बाजू राखल्या! चित्र लोकांना पाहायला ठेवलं, पुढे त्याच्या छापील प्रतीही निघाल्या.

तरी माझ्या मते खरी कमाल १८६० मध्ये मेयॉल या फोटोग्राफरने काढलेल्या तिच्या कुटुंबाच्या फोटोंनी केली. व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो, मुकुट नाही, साधे कपडे. ते दुकानात विकत मिळायचे आणि लोक आपल्या घरच्या अल्बममध्ये लावायचे. राणी थेट नातेवाइकांच्या रांगेत जाऊन बसली.

फोटोची अडचण एकच, तो खरा असतो असं लोक धरून चालतात. चित्रकाराने कपाट अंधारात ढकललं तर कुणी फसवणूक म्हणत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ब्रिटिश युवराज्ञीचा मुलांसोबतचा फोटो संपादित केलेला निघाला, तर मोठ्या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला आणि तिला जाहीर माफी मागावी लागली.