ड्राय रेड वाईन तुरट लागली म्हणजे नासली का?

प्रश्न: ताई, जालना जिल्ह्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन. मेहुण्यानं फ्रान्सहून एक रेड वाईन आणली, लेबलवर गायाक हे गाव आणि द्युरास, ब्रोकोल, प्रुनलार अशी द्राक्षांची नावं. परवा फोडली तर गोडी अजिबात नाही, जीभ ओढल्यासारखी झाली. घरचे म्हणतात नासली, ओतून द्या. आणि ह्या जाती मी कधी ऐकल्या पण नाहीत.
– एक बागायतदार

उत्तर: भाऊ, ओतू नका! नासलेली वाईन नाकालाच कळते, शिरक्यासारखा नाहीतर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारते. तुम्हाला लागलं ते वेगळंच. ड्राय म्हणजे रसातली जवळपास सगळी साखर यीस्टनं खाऊन टाकली, लिटरमागं साधारण 4 ग्रॅमच्या आतच उरते. आणि जीभ ओढतंय ते टॅनिन, ते सालीत अन् बियांत असतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं ना तसंच. रेड वाईन सालीसकट आंबवतात, रंगही सालीतनंच उतरतो, त्यामुळं तुमच्या हिरव्या थॉमसनची लाल वाईन काही होणार नाही.

आता जाती. गायाक हे फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या ईशान्येला, तार्न नदीकाठी. ब्रोकोलचं दुसरं नाव फेर सेर्वादू, फेर म्हणजे लोखंड, कारण वेलीचं लाकूडच तसलं टणक, छाटणी करणाऱ्याला विचारा. द्युरासला मिरीसारखा वास येतो. पण मला जीव लावणारी जात प्रुनलार, डीएनए तपासल्यावर कळलं की अर्जेंटिनात गाजलेल्या माल्बेकचा हा बाप आहे, आणि पोरगं जगभर पोचलं तरी बाप गावातनंच संपत आला होता, मग गायाकचेच द्राक्ष बागायतदार रोबेर प्लाजोल यांनी तो परत लावला.

संपत का आला? 1860 च्या दशकात अमेरिकेतनं फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड फ्रान्समध्ये आली, मुळांवरच बसायची, बागाच्या बागा वाळल्या. इलाज सापडला तो अमेरिकन खुंटावर, म्हणजे खाली अमेरिकन वेलीची मुळं अन् वर आपली जात, असं कलम करायचा, पण नव्यानं लावताना लोकांनी जास्त माल देणाऱ्या जाती धरल्या, जुन्या सुटल्या. तुमची बाग डॉगरिजवर भरलेली असेल तर बघा, तो खुंट मूळचा टेक्सासचा, आणि फ्रान्सला खुंट निवडायला मदत करणाऱ्या टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांनीच तो निवडलेला. आपण तो पाण्याच्या ताणासाठी अन् खारट जमिनीसाठी वापरतो, तिकडं कीड होती, एवढाच काय तो फरक.

उरलेली वाईन बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चालते. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, आपल्या उन्हाळ्यात मात्र दहा-पंधरा मिनिटं पुरे, कोमट रेड वाईनमध्ये दारूच तेवढी नाकात जाते. सोबत मटण करा, मटणाच्या चरबीनं टॅनिन मऊ लागतं, फक्त मिरची जरा हात राखून घाला, तिखटानं तुरटपणा अजून वाढतो.