कोरलची टोकं पांढरी पडली की केएच (पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेटचं प्रमाण) वाढवायचा का?

प्रश्न: आठ महिन्यांचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यात कोरल पाळायचा टँक) आहे, अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडायला लागली म्हणून कॅल्शियम कमी पडत असेल असं वाटलं आणि केएचचा डोस वाढवला, तर अजूनच पसरलं. आत्ताची रीडिंग: केएच ११.५, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. पाणी तर काचेसारखं आहे, मग चुकतंय कुठे?

उत्तर: आधी डोस थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

आता भिंग घेऊन ती टोकं नीट बघा. वाढणारं टोक मुळातच फिकट असतं, पण त्यावर पातळ कातडी असते आणि बारीक पॉलिप (कोरलची फुलासारखी छोटी तोंडं) दिसतात, तसं असेल तर काळजी नाही. नुसता उघडा खडबडीत सांगाडा दिसतोय आणि त्यावर शेवाळाची हिरवट छटा चढतेय, तर तिथलं मांस गेलंय. आणि कातडी शाबूत असून अख्खं कोरलच फिकट पडलं असेल तर ते ब्लीचिंग, तिथे मी आधी लाइट आणि तापमान बघेन.

तुमच्या आकड्यांवरून मला जळलेली, म्हणजे मांस गेलेली टोकंच वाटतात. कोरलच्या अंगात जे सूक्ष्म शेवाळ राहतं त्याला नायट्रेट-फॉस्फेट थोडं तरी लागतंच, तुमच्याकडे दोन्ही शून्य आणि वर केएच साडेअकरा, म्हणजे सांगाडा बांधायचं सामान भरपूर पण मांस वाढायला काही नाही, आणि या जोडीने टोकं जळतात हे रीफवाल्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यात अजून एक, जे खूप जणांच्या लक्षात येत नाही: दुखावलेलं कोरल वाढ थांबवतं, मग केएच वापरलाच जात नाही आणि तोच डोस रोज साचत जातो. म्हणून रोज ठरलेल्या वेळी केएच मोजून लिहून ठेवा, खप अचानक घटला तर रंग उतरायच्या आधीच कळतं की काहीतरी बिघडलंय.

केएच आपोआप ८ ते ८.५ पर्यंत उतरू द्या, घाई करून खाली आणू नका. फॉस्फेट रिमूव्हर काढा, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जरा कमी चालवा, माशांना खायला थोडं जास्त द्या. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं दिसलं की पुरे. शून्यावर राहिलात तर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर यायची भीती असते आणि तो आला की जाता जात नाही हो! वॉटर चेंजचं नवीन पाणीसुद्धा मोजा, टँकसाठी मिळणाऱ्या काही मिठांचा केएच मुळातच ११-१२ निघतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग खारटपणाच्या द्रावणाने कॅलिब्रेट करा, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून खाऱ्या पाण्याचं रीडिंग चुकू शकतं.

जळलेल्या टोकांना हात लावू नका, पाणी स्थिर राहिलं तर आठवड्यांत त्यावर परत कातडी चढू शकते. पण बुडापासून पांढरं वर चढायला लागलं तर मात्र वाट बघत बसू नका, थोडा जिवंत भाग वाया गेला तरी चालेल, वरची चांगली फांदी कापून वेगळी लावा.