इंग्रजी ई-मेलमध्ये उद्गारचिन्ह कधी वापरावे?

कार्यालयीन इंग्रजी ई-मेलमध्ये आपण उद्गारचिन्हे फार वापरता अशी वरिष्ठांची तक्रार असून, त्याबाबतचा नेमका नियम आपण विचारला आहे.

शाळेत केवलप्रयोगी अव्यये शिकताना ‘अबब’, ‘अरेरे’, ‘शाबास’ यांच्यापुढे न चुकता उद्गारचिन्ह देण्याची सवय आपल्या हाताला लागते आणि इंग्रजी लिहितानाही ती सुटत नाही. इंग्रजीत मात्र भावना सौम्य असेल, तर अशा शब्दानंतर स्वल्पविराम देऊन वाक्य पूर्णविरामाने संपवतात. जसे, ‘ओह, आय सी.’ उद्गारचिन्हावर खरा हक्क आहे तो ‘व्हॉट’ किंवा ‘हाउ’ने सुरू होणाऱ्या, परंतु प्रश्न न विचारणाऱ्या वाक्यांचा, उदाहरणार्थ, ‘व्हॉट अ लव्हली गार्डन धिस इज!’ इंग्लंडच्या शिक्षण विभागाने २०१६ मध्ये लहान मुलांच्या लेखनाचे मूल्यमापन करताना केवळ याच रचनेला उद्गारार्थी वाक्य मानायचे ठरवले, तेव्हा तेथे बरीच टीका झाली. माझ्या मते ती रास्तच होती, कारण ‘फायर!’ असे ओरडणारा माणूस व्याकरणाची रचना पाहत बसत नाही.

आता आपल्या ई-मेलविषयी. अहवाल, अर्ज, तक्रार आणि दिलगिरी यांत हे चिन्ह अजिबात नको. ‘प्लीज सेंड द फाइल टुडे’ यापुढे पूर्णविराम असेल तर ती विनंती राहते. उद्गारचिन्ह दिले की ‘प्लीज’ असूनही दरडावल्यासारखे वाटते, आणि आपल्या वरिष्ठांना बहुधा हेच खटकत असावे. ओळखीच्या सहकाऱ्याचे आभार मानताना किंवा अभिनंदन करताना मात्र एखादे उद्गारचिन्ह खुशाल द्यावे, कारण तेथे नुसता पूर्णविराम कित्येकांना कोरडा वाटतो. एकापुढे एक दोन-तीन चिन्हे देणे टाळावे. (बुद्धिबळाच्या नोंदीत दोन उद्गारचिन्हे म्हणजे अप्रतिम चाल; पत्रव्यवहारात त्यांना असा कोणताही मान नाही.)

अवतरणाच्या बाबतीत एवढे पाहावे की, उद्गार मूळ बोलणाऱ्याचा असेल तर चिन्ह अवतरणचिन्हांच्या आत येते, आणि संपूर्ण वाक्य लिहिणाऱ्याचा उद्गार असेल तर बाहेर. दोन्ही ठिकाणी त्यानंतर वेगळा पूर्णविराम देत नाहीत.