मोटरसायकल मागून ५० मिमी उतरवण्याआधी हे वाचा

तुमची अडचण लक्षात आली. टूरिंग गाडी, उभं राहिलं की पायांची फक्त बोटं टेकतात, मागे बायको आणि तीन बॉक्स, म्हणून ५० मिमीच्या लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनमधल्या, मूळपेक्षा लांब जोडपट्ट्या) टाकायच्या आहेत. मी यातून गेलोय, म्हणून स्पष्ट सांगतो, ५० नको. आधी सीट बघा, तरीही लागलंच तर २५.

लांब लिंक टाकली की गाडी नुसती खाली बसते असं वाटतं. प्रत्यक्षात शॉकची (मागच्या शॉक अॅब्सॉर्बरची) हालचाल तेवढीच राहते आणि चाकाचा सगळा पल्ला वर सरकतो. शॉक पूर्ण दबून बंप स्टॉपला (शेवटच्या रबरी अडसराला) टेकला की चाक मूळ मर्यादेच्याही वर गेलेलं असतं, आणि तिथे मडगार्ड असतं. माझ्या लिंक ४० मिमीच्या होत्या. एकट्याने चालवताना काहीच जाणवलं नाही. दोघं सामानासह निघालो आणि एका गतिरोधकावर मागून खर्र असा आवाज आला. वाटलं, बॉक्स हलला असेल. मुक्कामी पोचल्यावर टॉर्च मारून बघितलं तर आतल्या मडगार्डवर तळहाताएवढा भाग घासून गुळगुळीत झालेला आणि टेललाइटच्या वायरचं तांबं उघडं पडलेलं. मागे माणूस बसवून जाणाऱ्याने हा धोका घेऊच नये.

प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सोडून गाडी खाली आणायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. भरलेल्या गाडीला उलट प्रीलोड वाढवावा लागतो. दोघं बसून, सामान लादून शॉक साधारण एक तृतीयांश दबलेला असावा. प्रीलोड वाढवूनही त्याहून जास्त दबत असेल तर तुमची स्प्रिंगच मऊ आहे, तो प्रश्न आधी सोडवा.

सीटचा फोम २०-२५ मिमी कमी होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या बाजूला, मांड्या येतात तिथे, सीट अरुंद करून घ्या. रुंद सीटवर पाय आधी बाहेर फाकतात आणि मग खाली जातात, त्यात बरीच उंची वाया जाते. टाचा टेकायची गरज नाही, दोन्ही चवडे नीट टेकले तरी भरलेली गाडी सावरता येते.

तरीही २५ मिमी उतरवायची असेल तर फोर्कही (पुढच्या सस्पेन्शनचे दोन दांडे) ट्रिपल क्लॅम्पमध्ये (त्यांना धरणाऱ्या पकडीत) वर सरकवून पुढची बाजू त्या मानाने खाली घ्या, मात्र पुढचं चाक आणि मडगार्ड कुठे अडत नाही ना ते बघा. व्हीलबेस (दोन्ही चाकांमधलं अंतर) १५०० मिमी धरला तर फक्त मागून २५ मिमी उतरल्यावर गाडी जवळपास १ अंश मागे कलते. रेक (स्टीअरिंगचा मागे कललेला कोन) आणि ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला भिडते ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांतलं अंतर) वाढतात, वळणात हँडल जड लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

लिंक बदलताना गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागच्या चाकाखाली फळी सरकवा. बोल्ट हाताने सरकायला हवा. अडत असेल तर हातोडी घेऊ नका, बोल्टवर अजून वजन आहे. फळीखाली पातळ पाचर सारून किंवा काढून बघा, एका क्षणी तो लोण्यातून निघाल्यासारखा बाहेर येतो. बेअरिंग पुसून नवं ग्रीस भरा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. चेन असेल तर ढिलाई पुन्हा मोजा, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) कोन बदललेला असतो.

साइड स्टँड तेवढाच राहिला तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उजव्या बाजूला वारा-धक्का लागला की पडते. तो आखूड करूनच घ्यावा लागतो. सेंटर स्टँडवर चढवायलाही आता जास्त जोर लागेल.

शेवटी मडगार्डच्या आत मातीचे दोन-तीन गोळे चिकटवा, दोघं बसून सगळं सामान लादून एका मोठ्या गतिरोधकावरून हळू आणि मग थोड्या वेगाने जा. गोळा चेपला असेल तर मूळ लिंक परत लावा.