सीड म्हणजे शरण जाणं नव्हे

अकोटकडचा एक विद्यार्थी इंग्रजी ‘सीड’ (cede) या शब्दाबद्दल विचारतो, ‘निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांना सीड केलं, असं शिकवणीत सांगतात. सीड करणे म्हणजे शरण जाणे ना?’

नाही. अन् निजामानं वऱ्हाड सीड केलं हे वाक्यही चूक आहे, ऐकून ऐकून कान किटले. बियाण्याचं सीड (seed) वेगळं, उच्चार तेवढा सारखा. शरण माणूस जातो. सीड होतो तो मुलूख किंवा हक्क.

मूळ लॅटिन ‘केदेरे’. अर्थ चालणे, बाजूला सरणे. एसटीत ‘सरका ना बाप्पा जरासं’ म्हटल्यावर बुढा गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीकडे सरकतो, ते केदेरे. प्रोसेस म्हणजे पुढे जाणं, रिसेस म्हणजे मागे सरणं, सक्सेस म्हणजे मागून येणं, सगळी एकाच घरची लेकरं. वारसाच्या कागदावरचं ‘डिसीज्ड’सुद्धा त्यांचंच भावंड: निघून गेलेला. आपणही ‘आबाजी गेले’ असंच म्हणतो! मरणासाठी रोमन माणसाला अन् वऱ्हाडी माणसाला एकच क्रियापद सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं.

कोशवाले ‘स्वाधीन करणे’ लिहून मोकळे होतात. साफ अपुरं आहे ते. नांगरटीपुरता ट्रॅक्टरही आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, मालकी आपलीच राहते. सीडला नेमका शब्द तहसिलीत रोज वापरात आहे: हक्कसोड. माझ्या आईनं मामाच्या नावे हक्कसोडपत्र केलं, तेव्हा अंगठ्याची शाई पदराला पुसत ती म्हणाली, ‘आता त्या धुऱ्यावर माह्यं काही नाही.’ सीडचा याहून चांगला अर्थ मला कुठल्याच कोशात सापडला नाही.

वऱ्हाडाचं तसं झालं नव्हतं. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामानं फक्त कारभार इंग्रजांकडे लावून दिला. म्हणून तर सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला, वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे मक्त्यानं दिलेलं वावर! खरं सीड पाहायचं तर इंग्रजांशी झालेला देवगावचा तह पाहा, १७ डिसेंबर १८०३. गाविलगड किल्ला इंग्रजांच्या हाती पडून दोनच दिवस झाले होते. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक सोडलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. ती हक्कसोड.

पेपरात १८५३ साठी ‘असाइन केलं’ लिहा.